बसशिवाय ३८१ दिवस

(पडद्यावर बसचा आराखडा)

३६ सीटची बस. पुढच्या १० सीट गोऱ्यांच्या. त्या रिकाम्या असल्या तरी कृष्णवर्णीयांनी बसायचं नाही. मागच्या १० कृष्णवर्णीयांच्या. मधल्या १६ सीटवर कोण बसणार हे ड्रायव्हर ठरवायचा, आणि त्यासाठी शहराच्या नियमांनी त्याला पोलिसाचे अधिकार दिले होते. कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढच्या दाराने चढून भाडं भरायचं, खाली उतरायचं, मागच्या दाराने पुन्हा चढायचं. तेवढ्यात ड्रायव्हरने बस हाकली, तर भाड्याचे १० सेंट गेले.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर, १९५५. इथल्या बसच्या दर चार प्रवाशांत जवळपास तीन कृष्णवर्णीय होते.

१ डिसेंबरच्या संध्याकाळी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स मधल्या भागात, गोऱ्यांच्या सीटला लागून असलेल्या ओळीत बसल्या होत्या. एका गोऱ्या माणसाला जागा मिळेना. त्याच्या एकट्यासाठी त्या ओळीतल्या चौघांना उठायला सांगितलं गेलं, कारण गोऱ्याच्या ओळीत कृष्णवर्णीय बसलेला चालत नसे. तिघं उठले. पार्क्स उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली.

गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. पण त्यानंतर कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. मग बसने रोज ये-जा करणारी सुमारे १७,५०० माणसं पुढे वर्षभर कामावर कशी पोचली? लढा टिकला तो या प्रश्नाचं उत्तर सापडल्यामुळे.

तयारी आधीपासून होती. महिला राजकीय परिषदेच्या जो ॲन रॉबिन्सन यांनी १९५४ च्या मे महिन्यातच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता. अटकेच्या रात्री त्या कॉलेजात गेल्या, सायक्लोस्टाइल मशिनवर हजारो पत्रकं काढली. एका कागदावर तीन पत्रकं, मग कापणी, मग गठ्ठे. शुक्रवारी ती शहरभर वाटली गेली: सोमवारी, ५ डिसेंबरला, बसमध्ये बसू नका. सोमवारी पोलिसांनी बसमागे मोटारसायकली पाठवल्या. कुणी दमदाटी करून प्रवाशांना अडवत असेल तर पकडायचं, असा हेतू. पण मागे पोलीस बघून, ज्यांना बसमध्ये चढायचं होतं तेही बिचकले.

त्याच दिवशी बहिष्कार पुढे चालू ठेवायचं ठरलं आणि त्यासाठी मॉन्टगोमेरी सुधारणा संघटना स्थापन झाली. अध्यक्ष, २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग. पहिल्या मागण्या ऐकून आज नवल वाटेल: सौजन्याची वागणूक, कृष्णवर्णीयांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून, येईल तसं बसणं, कृष्णवर्णीय वस्तीतल्या मार्गांवर कृष्णवर्णीय ड्रायव्हर. वेगळ्या सीट रद्द करा, असं त्यात नव्हतंच.

पहिले काही दिवस कृष्णवर्णीयांच्या टॅक्सी कामी आल्या. १८ कंपन्या, सुमारे २१० गाड्या, भाडं बसइतकंच, १० सेंट. पण शहराच्या नियमानुसार टॅक्सीचं किमान भाडं होतं ४५ सेंट. पोलीस आयुक्तांनी त्या नियमावर बोट ठेवलं आणि तो मार्ग बंद झाला.

मग किंग यांनी लुइझियानातल्या बॅटन रूजच्या टी. जे. जेमिसन यांना फोन केला. १९५३ मध्ये त्यांनी असाच बहिष्कार चालवला होता. त्यांचा सल्ला नेमका होता: लोकांच्या खासगी गाड्या गोळा करा आणि प्रवाशाकडून भाडं घेऊ नका. भाडं घेतलं की परवाना लागतो. खर्च चर्चमधल्या वर्गणीतून भागवा.

(नकाशा)

१३ डिसेंबरला व्यवस्था सुरू झाली. सकाळी लोकांना कामावर घेऊन निघण्यासाठी ४८ ठिकाणं, दुपारनंतर परत आणण्यासाठी ४२. सकाळची ठिकाणं बहुतेक चर्च, म्हणजे थंडीत आत थांबता येई. परतीची ठिकाणं गोऱ्यांच्या वस्त्यांत, कारण धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायका तिथे कामाला असत. कोणत्या गल्लीतून किती माणसं निघतात हा हिशेब जुळवायला पोस्टात काम करणारे मदतीला आले. सुमारे ३०० गाड्या रस्त्यावर होत्या.

व्यवस्थेचा एकेक सांधा शहराने ठोकून पाहिला. ड्रायव्हरांना क्षुल्लक कारणांवरून दंडाच्या पावत्या. २५ मैलांच्या हद्दीत ३० ने गाडी चालवली म्हणून २६ जानेवारीला खुद्द किंग यांना अटक. त्याआधी जानेवारीतल्या एका शनिवारी, तडजोड झाल्याची खोटी बातमी रविवारच्या वर्तमानपत्रासाठी दिली गेली. हे रात्री कळताच किंग आणि सहकारी क्लबा-क्लबांत फिरून, बातमी खोटी आहे, सोमवारी बसमध्ये बसू नका, असं सांगत राहिले. ३० जानेवारीला किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला.

सर्वांत घातक वार विम्यावर झाला. संघटनेने स्टेशन वॅगन घेऊन त्या चर्चच्या नावांवर केल्या होत्या. विमा कंपन्यांनी पॉलिसी रद्द करायला सुरुवात केली, आणि विम्याशिवाय त्या गाड्या चालवता येईनात. अखेर अटलांटातल्या कृष्णवर्णीय विमा एजंटामार्फत लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळाला.

पैसा येत होता साध्या माणसांकडून. स्वयंपाकीण जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या सोबतिणी सँडविच, चिकन, केक विकून सोमवारच्या सभेत रक्कम आणून देत. गटाचं नाव ठेवलं होतं ‘कुठूनच नाही’ मंडळ: पैसे कुठून आले, तर कुठूनच नाही, म्हणजे पैसे देणाऱ्या बाईची नोकरी जाऊ नये. बहिष्कार चालवल्याबद्दल किंग यांच्यावर खटला झाला, त्यात साक्ष दिल्यावर गिलमोर यांची स्वतःची नोकरी गेलीच.

निकाल मात्र पार्क्स यांच्या खटल्यातून आला नाही. त्यांचं अपील राज्याच्या न्यायालयात अडकेल, म्हणून वकील फ्रेड ग्रे यांनी केंद्रीय न्यायालयात वेगळा दावा लावला. चार वादींमध्ये क्लॉडेट कॉल्विन होती. पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, १५ व्या वर्षी, तिनेही सीट सोडायला नकार दिला होता. १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयाने बसमधलं विभाजन घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने गाड्यांच्या व्यवस्थेवर मनाई हुकूम दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाचा कागद शहराच्या हाती येईपर्यंत, २० डिसेंबरपर्यंत, लोक पायी चालले.

नंतर बसवर गोळीबार झाला, जानेवारी १९५७ मध्ये चार चर्चवर बॉम्ब पडले. बागा, शाळा अजून वेगळ्याच होत्या. १९५८ मध्ये गिलमोर यांनी बागांसाठी शहरावर दावा लावला. बागा सर्वांना खुल्या करण्याऐवजी शहराने १९५९ मध्ये सगळ्यांनाच बंद केल्या. त्या उघडल्या १९६५ मध्ये.