जाग्या रुग्णाच्या मणक्याचं ऑपरेशन

तुर्भ्याची कांदा-बटाटा मंडई. ट्रकचा फाळका उघडला की माथाडींची टोळी भिडते. पाठीवर ५० किलोची गोणी, मान खाली, पाय झपाझप. या टोळीतले हे दादा पावसाळ्यापासून गोणीला हात लावू शकलेले नाहीत. कमरेतली कळ कुल्ल्यातून, पोटरीवरून थेट पायाच्या अंगठ्यात उतरते.

हा त्यांचा एमआरआय. कमरेचा चौथा आणि पाचवा मणका. मधली गादी काळी पडलेली. तिचं बाहेरचं कडं फाटलंय आणि आतला मऊ गर नसेवर दाबून बसलाय. बहुतेकांचं हे दुखणं गोळ्या, व्यायाम आणि थोडा धीर यांवर काही आठवड्यांत ओसरतं. दादांचं ओसरलं नाही. ऑपरेशनचं नाव काढताच गाळ्यावर सगळे एकच म्हणाले, "मणक्याला चाकू लावलास की अंथरूण धरशील." या एका वाक्यापायी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं लंगडत राहतात.

१९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी पायातल्या कळेचं मूळ सरकलेल्या गादीत दाखवलं. तेव्हा पाठ उघडून, स्नायू सोलून, हाड काढून आत जावं लागे. आता हे बघा.

दादा पालथे झोपलेत, पूर्ण जागे. कमरेच्या बाजूची जागा तेवढी बधिर केलीय. सी-आर्म या कमानदार यंत्राच्या एक्स-रेवर बघत सुई तिरकी आत जाते. नसेच्या खाली एक छोटी त्रिकोणी मोकळी जागा असते, कॅम्बिन त्रिकोण; वाट तिथूनच. सुईवरून तार, तारेवरून साधारण आठ मिलिमीटरची नळी, नळीतून दुर्बीण. सलाईनचं पाणी सतत वाहतंय, म्हणून चित्र असं स्वच्छ. ही पिवळसर नस. हा निळा रंग देऊन ओळखलेला गादीचा तुकडा. चिमटा त्याला धरतो, हलकेच ओढतो... आला! दबलेली नस मोकळी होऊन धडधडू लागते.

"दादा, अंगठा हलवा बघू." हलला. नसेला धक्का लागला तर रुग्ण तिथल्या तिथे सांगतो, जागं ठेवण्याचा मोठा फायदा हाच.

एक टाका, संध्याकाळी वॉर्डात चालणं. तुकडा पुन्हा सरकू शकतो, क्वचित नसेला इजा किंवा जंतुसंसर्गही होतो. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर एक दिवसही थांबायचं नाही, तडक इस्पितळ.

वजन उचलायला अजून काही आठवडे मनाई आहे. तोवर मुकादमाने दादांना गोण्यांच्या नोंदी लिहायला बसवलंय.