धुऱ्यावरून दिसणारा सूर्य आणि उपग्रह

श्रोतेहो, नमस्कार.

वावरातून परतताना मावळता सूर्य आपण रोज पाहतो. दुपारी ज्याच्याकडे बघवत नाही, तोच सांजेला तांबडा, निवलेला दिसतो. कारण तेव्हा त्याचा उजेड हवेच्या फार जाड थरातून वाट काढत येतो. जितकी धूळ, तितका तो मंद.

१९८४ साली सोडलेल्या एका अमेरिकन उपग्रहाने असाच मंदावणारा सूर्य बघून हवेतले कण मोजायचं काम हाती घेतलं. त्यावरच्या उपकरणाचं नाव सेज-२. पृथ्वीभोवती फिरताना त्याला दिवसाकाठी पंधरा सूर्योदय आणि पंधरा सूर्यास्त दिसत. हवेच्या कडेआडून येणारा सूर्य किती मंदावला, यावरून कुठल्या उंचीवर किती कण आहेत हे कळायचं.

असे कण उंच फेकतात ते ज्वालामुखी. आपली कपाशीची काळी जमीन ज्या खडकातून झाली, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. पण आजचे ज्वालामुखी आपल्याला दूरचे वाटतात. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला. राख लवकर खाली बसली. गंधकाचा वायू मात्र, सुमारे दीड ते दोन कोटी टन, ढगांच्याही वर गेला. तिथे त्याचे गंधकाम्लाचे बारीक थेंब झाले. तिथे पाऊसच नाही, मग ते धुतले जाणार कसे? वर्ष-दोन वर्षं ते पृथ्वीभर तरंगत राहिले, ऊन अडवलं, आणि १९९२ मध्ये जगाचं तापमान अर्ध्या अंशाने उतरलं. जमिनीवरचा पाऊसही जगभरात घटला.

तो थर इतका दाट होता की खालच्या उंचीवर सेज-२ला सूर्यच दिसेना. तिथलं मोजमाप काही महिने तुटलं. मला हे फार मोलाचं वाटतं: ऐन गरजेच्या वेळी एकाच डोळ्यावर भिस्त ठेवू नये. पुढे लेसर किरण सोडणारा कॅलिप्सो उपग्रह आला, २००६ ते २०२३ असा राबला आणि थांबला. २०२२ मध्ये टोंगा बेटांजवळचा समुद्रातला ज्वालामुखी फुटला तेव्हा तो कामावर होता. त्या स्फोटात गंधक थोडं होतं, पण कोट्यवधी टन पाण्याची वाफ वर गेली. तसं उपग्रहांनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

सेज-३ हे उपकरण २०१७ पासून अंतराळ स्थानकावर बसवलेलं आहे. दिवस मावळल्यावर न लुकलुकता सरकणारा एखादा तेजस्वी ठिपका धुऱ्यावरून दिसला, तर ते तेच स्थानक असू शकेल. लेकरांना बोट करून दाखवा.