पाटणच्या बाजाराने सांभाळलेलं गणित

श्रोतेहो, नमस्कार.

आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या तळाशी सापाचं बीळ. २७ हातांवरून साप बिळाकडे निघालाय. मोराने त्याला पाहिलं आणि तिरपी झेप घेतली. दोघांची चाल सारखी. मग बिळापासून किती हातांवर साप सापडला?

१२ हातांवर. साप १५ हात सरपटला, मोर १५ हात उडाला. ९, १२, १५ : झाला काटकोन त्रिकोण! शाळेत हे पायथागोरसचं प्रमेय आम्ही नुसतं घोकलं. तेव्हा हा मोर कुणी दाखवायला हवा होता.

हा मोर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथातला. आपलं जन्मवर्षही त्यांनी श्लोकातच गुंफलंय : ‘रसगुणपूर्णमही’. रस ६, गुण ३, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एकच. उजवीकडून डावीकडे मांडा : शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला, हेही त्याच श्लोकात येतं. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडवीड. वडील महेश्वर हेच गुरू. एकोणसत्तराव्या वर्षीही त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं.

लीलावती ही त्यांची मुलगी, वेळ मोजणाऱ्या घटिकापात्रात मोती पडला आणि तिचा मुहूर्त हुकला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. ती येते अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही.

मला त्याहून मोलाची वाटते ती चाळीसगावजवळच्या पाटणची हकिगत. तिथे देवीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. शके ११२८मध्ये निकुंभ या मांडलिक घराण्यातल्या सोइदेवाने या मठाला दान दिलं. लेखाची सुरुवात संस्कृतात आहे, पण व्यवहाराची बाब आली की भाषा मराठी होते. पाटणच्या पेठेत जो माल विक्रीला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजवाड्याला मिळणारा कर, ‘तो मढा दीन्हला’. मढा, म्हणजे मठाला. शिवाय चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल.