चकती आणि विळा

रक्ताचा थेंब काचपट्टीच्या एका टोकाला. दुसरी पट्टी तिरकी धरून टेकवायची, थेंब तिच्या कडेने पसरू द्यायचा आणि एका दमात पुढे सरकवायची. हात मध्येच अडखळला तर पेशी एकमेकींवर चढतात आणि आकार दिसतच नाही. हा बघा चांगला स्मियर, म्हणजे रक्ताचा पातळ थर, जिभेसारखा, पुढे विरत गेलेला. बघायचं मात्र अगदी टोकाला नाही, त्याच्या जरा अलीकडे.

वाळल्यावर लीशमनचा रंग, त्यावर बफर पाणी. मग तेलाचा थेंब आणि सूक्ष्मदर्शकाची शंभराची लेन्स.

ही निरोगी तांबडी पेशी. 7 ते 8 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद, मधोमध दबलेली. एवढ्याच आकारमानाच्या गोळ्याला जेवढं आवरण पुरेल, त्याहून हिचं सुमारे 40 टक्के जास्त. अंगरखा सैल, म्हणून ती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीत शिरते, दुमडते आणि पलीकडे पुन्हा चकती होते. प्राणवायू पोचवायचं तिचं काम या सैलपणावर चालतं.

आणि ही सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारातली. विळाच.

1910 साली शिकागोत डॉक्टर जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचं वर्णन छापलं. दोष हिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे पेशीतल्या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनातच आहे हे 1949 मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. या प्रथिनाच्या साखळीत एक दुवा बदललेला असतो. प्राणवायू सुटला की हिमोग्लोबिनचे रेणू चिकटून लांब दोरे होतात आणि पेशीला आतून ताणतात.

डोळ्यांना हा विळा लगेच कळतो. पण शेजारची, जराशी लांबट? एक तंत्रज्ञ हो म्हणेल, दुसरा नाही. म्हणून मोजायचं. संगणक पेशीची कड आखतो, क्षेत्रफळाला 4π ने गुणतो, परिघाच्या वर्गाने भागतो. पूर्ण वर्तुळाला 1. पेशी जितकी लांब आणि टोकदार, तितका आकडा खाली. गडचिरोलीत मोजा नाहीतर नंदुरबारला, चित्र तेच असेल आणि पद्धत तीच, तर आकडाही तोच. आम्हाला हा भरवसा फार मोलाचा वाटतो.

निरोगी पेशी 120 दिवस जगते, सिकलसेलची 10 ते 20. रक्त कमी पडतं, वाहिन्या तुंबतात, हाडं ठणकतात.

वाहकाच्या, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या माणसाच्या, साध्या स्मियरवर मात्र सगळ्या चकत्याच. इथे ताज्या रक्तात प्राणवायू शोषणारं मेटाबायसल्फाइट मिसळायचं, वर काचेचं झाकण ठेवायचं, कडा बंद करायच्या. आतला प्राणवायू संपत जातो.

आता या कोपऱ्यातल्या पेशीकडे बघा. गोल आहे. अजून गोल आहे. आणि आता एक टोक निघालं.