आधी शैली, मग कात्री

श्रोतेहो, नमस्कार. आज कापडी कोलाजसाठी, म्हणजे कापडाच्या तुकड्यांच्या चित्रासाठी, एकच विषय घेऊ, आपला साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला. तो कोणत्या शैलीत करायचा, हे ठरवू या. वहीत आधी चित्र काढून मग कापड शोधत बसू नका. घरातलं तुकड्यांचं बोचकं सोडा. शैली त्यातूनच ठरते.

सगळे तुकडे पसरा आणि मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत निदान पाच छटा वेगळ्या दिसल्या, तर वास्तवदर्शी चित्र जमेल. लाल खण आणि हिरवी इरकल एरवी कितीही वेगळी वाटोत, अशा फोटोत पुष्कळदा दोन्ही सारखीच करडी दिसतात. मग डोंगराची उन्हातली बाजू एकीची आणि सावलीतली दुसरीची केली, तर उंचवटा दिसतच नाही. फिकी छटा कमी पडली तर छापील सुती कापड उलटं लावा. त्याची मागची बाजू फिकी असते, लांबच्या डोंगरांना अगदी बेताची. तुकडे दोन-तीन सेंटिमीटरचे ठेवा. मोठ्या फुलांचं छापील कापड इथं घेऊ नये, एकेक फूल बुरुजाएवढं होतं!

छटा तीनच निघाल्या तर हट्ट सोडा आणि लोकचित्रासारखी सपाट शैली घ्या. आठ-दहा मोठे आकार, प्रत्येकाला एकच ठसठशीत रंग. कड आत दुमडायला सहा मिलिमीटर जादा कापड ठेवा आणि वळणावर चार मिलिमीटर खोल कात्रे द्या, नाहीतर वळण टोकदार होतं. खण इथं शोभतो, पण त्याचे धागे सुटतात. म्हणून मागून पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, चिकटवून मगच आकार कापा.

जुन्या साड्या आणि धोतरंच जास्त असतील तर वाकळीची, म्हणजे गोधडीची शैली घ्या. आमच्या मते अजिंक्यताऱ्याला हीच सर्वांत शोभते, कारण सह्याद्रीचा बेसाल्ट आडव्या थरांत आहे आणि पट्ट्याही आडव्याच बसतात. पट्ट्या तीन-चार सेंटिमीटर रुंद घ्या. आकाशापासून खाली येत, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर एक सेंटिमीटर चढवा. वर सेंटिमीटरभर अंतरानं धावदोरा घाला. सुरुवात मधून करून कडांकडे जा. कडेकडून आत आलात तर कापड मध्ये गोळा होतं, आणि दोरा ताणला तर चुण्या पडतात. टाक्यांनी कापड आक्रसतं, म्हणून खालचा मांजरपाट, म्हणजे पायाचं जाडंभरडं सुती कापड, चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर मोठा हवा.

शैलींची भेसळ मात्र नको. वाकळीच्या डोंगरावर बारीक छटांचा बुरुज उपराच दिसतो.

शैली कुठलीही असो, सुती तुकडे आधी धुऊन घ्या. गडद कापडावर ओलं पांढरं फडकं घासा. रंग लागला तर ते कापड फिक्याशेजारी लावू नका. डिंक थेंबाथेंबानं आणि कडेपासून जरा आत लावा, पातळ कापडावर तो वर उमटतो. पॉलिस्टर गरम इस्त्रीनं वितळतं, तेव्हा वर सुती फडकं टाकून इस्त्री नुसती दाबायची आणि उचलायची. घासली की तुकडे सरकतात. मांजरपाटाच्या कडा मात्र सगळे टाके झाल्यावरच कापा.