जास्तीचा फू

आधी आवाज ऐका. पाचिन्.

दोन बोटांत धरलेली लाकडी सोंगटी पटावर टेकली की हा आवाज होतो, आणि जपानी माणूस त्याला पाचिन्‌च म्हणतो. आपण मात्र ब्राझीलमध्ये आहोत, साओ पाउलो राज्यात. इथल्या जपानी घरांत नात आजोबांना ‘जिचान’ म्हणते आणि पुढचं सगळं पोर्तुगीजमध्ये बोलते.

खेळ शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ. घरं 81, सोंगट्या 40. काळी-पांढरी भानगड नाही. सगळ्या एका रंगाच्या, पाचकोनी. टोक समोर रोखलेलं असेल, तर सोंगटी आपली. मारलेली सोंगटी खेळातून जात नाही. मारणाऱ्याच्या हाती येते आणि नंतर त्याच्याच बाजूने पुन्हा पटावर उतरते.

यातली ‘गिन्’, म्हणजे चांदी, जरा निरखून बघा. चार तिरप्या दिशांना एक घर, आणि सरळ पुढे एक. अकराव्या शतकात अल्बेरुनीने हिंदुस्थानातल्या बुद्धिबळाचं वर्णन केलं, त्यात हत्ती अगदी असाच चालतो: चार पाय आणि एक सोंड! आपला हत्ती नंतर सरळ धावायला लागला. ती जुनी चाल इथे चांदीच्या नावावर आहे.

‘कासातो मारू’ जहाज 28 एप्रिल 1908 रोजी जपानमधल्या कोबेहून सुटलं आणि 18 जूनला ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागलं. करारावर आलेली 781 माणसं कॉफीच्या मळ्यांवर गेली. चार पैसे गाठीला बांधून परतायचं, एवढाच बेत. तो बहुतेकांचा फसला. मुलं इथेच वाढली.

मग 1938 मध्ये ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्ष वर्गास यांच्या सरकारने परकीय भाषांच्या शाळांवर गदा आणली. 1941 मध्ये जपानी वर्तमानपत्रं बंद झाली, आणि युद्धात तर चारचौघांत जपानी बोलणंही गुन्हा ठरलं. जपानी वाचता न येणाऱ्या पिढ्या घडल्या त्या अशा. पण शोगी खेळायचं तर सोंगटीवरची अक्षरं ओळखावीच लागतात. राजा, सोनं, चांदी, घोडा. पाटी-पेन्सिल न घेता गिरवलेली ही बाराखडी.

लहानांना थेट डाव शिकवत नाहीत. सोंगट्यांचा ढीग करायचा आणि एका बोटाने एकेक सोंगटी ओढून काढायची. आवाज झाला की पाळी गेली. हात स्थिरावला की खरा डाव. त्यात मोठा माणूस ‘हिशा’ आणि ‘काकू’ या आपल्या दोन बलवान सोंगट्या आधीच बाजूला ठेवतो. हो, काकूच, तिरकी चालते. लिंबूटिंबूला सवलत द्यायची तर आपलंच बळ कमी करायचं, अशी इथली रीत.

डाव संपला हे हरणाऱ्यानेच सांगायचं असतं. मान लववून: ‘माकेमाशिता.’ हरले.

सोंगट्या डबीत जातात, मोजून. चाळीसच्या चाळीस, आणि वर एक कोरा करकरीत फू, म्हणजे प्यादं. संचासोबत तो जास्तीचाच येतो. एखादा हरवला तर असावा म्हणून.