पॉटचं आइस्क्रीम, काचेच्या पेल्यात

नमस्कार श्रोतेहो. बाजारात पायरी आली, तेव्हा आज पॉटच्या आइस्क्रीमबद्दल बोलते. आणि ज्या जुन्या काचेच्या पेल्यांत ते वाढायचं, त्यांच्याबद्दलही. पॉट म्हणजे एक बादली, तिच्यात दुधाचा झाकणाचा डबा, डब्यात पंखा, भोवती बर्फ आणि मीठ, आणि वर हाताने फिरवायचा दांडा.

दोन लिटर म्हशीचं दूध दीड लिटर होईपर्यंत आटवा. कसं आटवायचं ते तुम्हाला सांगायला नको. ३०० ग्रॅम साखर घाला आणि दूध पार गार झाल्यावरच आंब्याचा रस मिसळा. गरम दुधात रस घातला तर ते फाटेल. रस पायरीचाच घ्या. हापूस फोडी करून खावा, त्याला दुधात बुडवू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि लग्नाच्या पंगतीत आमरसात पाणी घालतात, ते तर बंदच व्हायला हवं.

आता मीठ. नुसता बर्फ शून्य अंशावर असतो आणि साखर घातलेलं दूध तेवढ्या गारव्याला गोठत नाही. बर्फावर जाडं मीठ पडलं की बर्फ भराभर वितळतो आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. पारा शून्याच्या खाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरू शकतो. चार भाग बर्फ, एक भाग मीठ. चारास एक, लक्षात ठेवा. डबा काठोकाठ भरू नका, आइस्क्रीम फिरवताना फुगतं. आणि बादलीच्या कडेला खारं पाणी जायला जे भोक असतं, ते मोकळं ठेवा. पुन्हा सांगते, भोक मोकळं ठेवा.

हे दोनदा का सांगितलं? १९८० साली भर मे महिन्यात अधिक ज्येष्ठ आला होता. आत्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. अधिकाचं वाण घ्यायला जावई पहिल्यांदाच कराडला आमच्या घरी येणार होते. ३३ अनारसे आदल्या दिवशीच तळून झाले होते. आजीने शेजारून पॉट मागून आणला, आजोबांनी सायकलवरून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आणली. भुसा धुऊन बत्त्याने बर्फ फोडला आणि आम्ही पोरं पडवीत आळीपाळीने दांडा फिरवायला बसलो.

भोकातून खारं पाणी सारखं पडवीत वाहत होतं. आजीने सकाळीच पडवी सारवली होती. सारवण खराब होतंय असं वाटून मी त्या भोकात चिंधी कोंबली. पाणी थांबलं. बादलीत मात्र ते चढत चढत डब्याच्या झाकणावर गेलं आणि कुणाला पत्ताच नाही.

डबा उघडून आजीने चमचाभर चाखलं आणि तिचा चेहराच उतरला. वरचा थर मिठाचा नुसता खडा! बाहेर जावई पानावर बसलेले. आजी एवढंच म्हणाली, “वरचं खरवडून टाक. खालचं तोंडात घालून बघ.” खालचं चांगलं होतं. पण माणसं तेरा आणि उरलं निम्मं.

स्टीलच्या वाट्या मांडून ठेवल्या होत्या, पण त्यांत दोन चमचे आइस्क्रीम तळाला चिकटल्यासारखं दिसलं असतं. आजीने किल्ली काढली आणि काचेचं कपाट उघडलं. ते पेले मी तोवर फक्त बाहेरूनच पाहिले होते. उंच पायाचे, वर पसरट, खाली निमुळते, जाड हिरवट काचेचे, बाजूला साच्याची बारीक शिवण. दोन चमच्यांत पेला काठाला आला. पिवळंधमक आइस्क्रीम त्या हिरवट काचेतून पाडाच्या आंब्यासारखं दिसत होतं.

आतोबांनी पेला संपवला आणि आणखी मागितलं. आजीने आत जाऊन स्वतःचा पेला आणून त्यांच्यापुढे ठेवला. आम्हा पोरांना डब्यातला पंखा चाटायला मिळाला. त्याच्या वरच्या टोकाशी अजून खारट लागत होतं.

कराडच्या माणसाला काचेचं अप्रूप असतंच. शेजारीच ओगलेवाडी, १९१६ सालचा ओगल्यांचा काच कारखाना, घरोघरी पोचलेला प्रभाकर कंदील. त्याआधी १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, लोकांकडून पैसा पैसा गोळा करून. ज्या मुलखाने अशी काच उभी केली, तिथे आज जुने पेले भंगारात जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्याकडे असे पेले असतील तर काढा. स्टीलची वाटी हाताची ऊब लगेच आइस्क्रीमला देते, जाड काच सावकाश देते. पेले आधी अर्धा तास फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा; बर्फाच्या खणात नको, जुनी काच तडकते. खाऊन झाल्यावर गार पेल्यावर गरम पाणी ओतू नका. आधी बाहेर राहू द्या, मग साध्या पाण्याने, एका वेळी एकच धुवा. मी आजीचे असेच धुते. बारांतले सात शिल्लक आहेत.

नमस्कार.